सोळाशे किलोमीटरवरचं यरुशलेम

शालिनीबाई,

पाळकांनी तुमच्याबद्दल लिहिलेलं एक वाक्य मी बुधवारी कापलं. आज छापून आलेल्या पत्रिकेत ते पुन्हा होतं.

आज तुमच्या स्मरणार्थ उपासना झाली. त्यासाठी चार पानांची पत्रिका काढायची होती. इथे बहरीनमध्ये चर्चच्या मराठी मंडळीत मराठी नीट टाइप करणारं कोणी नाही, म्हणून पाळकसाहेबांनी हाताने लिहिलेल्या मजकुराचे फोटो मला पाठवले. गीतांचे क्रमांक, शास्त्रवाचन आणि तुमच्याविषयी दहा ओळी. आठवी ओळ अशी होती: ‘यरुशलेम पाहण्याची त्यांची आयुष्यभराची इच्छा प्रभूने स्वर्गीय यरुशलेमात पूर्ण केली.’ मी ती काढली. तासाभरात त्यांचा फोन आला.

“चांगलं वाक्य होतं हो. का काढलंत?”

“इच्छा पूर्ण झालेली नाही.”

ते म्हणाले, “तुम्ही आमच्यातले नाही ना, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.” रागाने नाही म्हणाले. समजूत घातल्यासारखं म्हणाले, त्याचा जास्त त्रास झाला.

तुम्हाला पाहायचं होतं ते यरुशलेम स्वर्गातलं नव्हतं. त्याला दगडी पायऱ्या होत्या आणि तुमचे गुडघे दुखायचे. कुठल्या चपला न्याव्यात, एप्रिलमध्ये तिथे स्वेटर लागतो का, बागेतल्या जैतुनाच्या झाडांना हात लावू देतात का, हे सगळं तुम्ही मला विचारलं होतं. स्वर्गात जाताना कोणी स्वेटरची चौकशी करत नाही. आज हॉलमध्ये लोक आठव्या ओळीवर आले की मान हलवत होते, आणि मी शेवटच्या रांगेत पत्रिकेची घडी घालत, उलगडत बसलो होतो. दोन शब्द बोला म्हणून मला सांगण्यात आलं. मी बोललो नाही. जे बोलायचं होतं ते तुमच्याशीच होतं.

सतरा वर्षांपूर्वी उम्म अल हस्सममधल्या आपल्या इमारतीखाली, कोल्ड स्टोअर म्हणतात त्या किराणा दुकानात, तुम्ही मेथीच्या जुडीवरून दुकानदाराशी भांडत होता. भांडण हिंदीत सुरू झालं होतं. “ही मेथी आहे का वैरण?” इथे ते मराठीत आलं आणि मी मागे उभा राहून हसलो. तुम्ही वळलात.

“नगरचे का?”

“हो.”

“मग हसता काय? बोला ना त्याला काहीतरी.”

मी बोललो नाही. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय असते, कुठल्याही बाजूने भांडायची नसते. तुम्ही जुडी परत ठेवलीत आणि लिफ्टमध्ये मला म्हणालात, “पेपरात आहात म्हणे. वाटलंच.”

त्या दिवसापासून तुम्ही मला ‘संपादक’ म्हणायला लागलात. मी संपादक नाही. मनामातल्या एका इंग्रजी दैनिकात परदेशी बातम्यांचं पान लावणारा उपसंपादक आहे. हे मी तुम्हाला निदान दहा वेळा सांगितलं. “व्हाल हो,” तुम्ही म्हणायचात. झालो नाही.

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून तुमचा रविवार शुक्रवारी यायचा. सकाळी उपासना, दुपारी तुमच्या आणि फिलूच्या फ्लॅटमध्ये जेवण. फिलू म्हणजे फिलोमिना, वसईची, तुमच्याच क्लिनिकमध्ये तुमच्यासारखीच नर्स. ती कॅथलिक, तुम्ही प्रॉटेस्टंट, आणि अकरा वर्षं एका छताखाली राहूनही संतांना नवस बोलावा की नाही यावर तुमचं दोघींचं एकदाही जमलं नाही. माझी बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्यावर माझं शुक्रवारचं ताट तुमच्याकडेच असायचं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि यरुशलेम.

तुमचे वडील राहुरीजवळच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. पवित्र शास्त्राच्या शेवटी नकाशे असतात, त्यातला एक ते खडूने फळ्यावर काढायचे आणि पोरांना अंतरं कळावीत म्हणून ती आपल्याकडच्या गावांत सांगायचे. बेथलेहेम ते यरुशलेम म्हणजे श्रीरामपूर ते बेलापूर, वर थोडं. नासरेथ ते कफर्णहूम म्हणजे राहुरी ते नगर. मास्तर स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. तुम्ही हे पहिल्यांदा सांगितलंत, त्याच दिवशी ऑफिसात जाऊन मी नकाशावर मोजून पाहिलं. दोन-चार किलोमीटर सोडले तर मास्तर बरोबर होते. पुढच्या शुक्रवारी मी ते कौतुकाने सांगितलं, तर तुम्ही पळी खाली ठेवलीत.

“माझ्या बापाचं तपासायला गेलात?”

मी सगळंच तपासतो. तुमच्या बाबतीत तिथूनच बिघडत गेलं.

आमच्याकडे नियम आहे. एकाच ठिकाणाहून आलेली बातमी छापायची नाही. दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून दुजोरा मिळेपर्यंत ती ‘होल्ड’वर ठेवायची. नियम चांगला आहे. त्याने मला अनेकदा वाचवलं आहे. होल्डवर ठेवलेल्या बऱ्याच बातम्या शेवटी लागतच नाहीत, तिथेच शिळ्या होतात, हेही आम्हाला ठाऊक असतं. बातमीचं त्यात काही जात नाही.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा प्रश्न पासपोर्टचा होता. यरुशलेमला जाऊन आल्याचं दिसलं तर इथला व्हिसा रिन्यू करताना अडचण येईल का? तिथे शिक्का पासपोर्टवर मारत नाहीत, वेगळ्या कागदावर देतात, असं तुमच्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. मी दोघांना विचारलं. एक म्हणाला, काही होत नाही. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही. मी तुम्हाला म्हणालो, थांबा. तुम्ही थांबलात. किती वर्षं, ते आज मोजायची माझी इच्छा नाही.

मग मनामाहून तिकडे थेट विमान सुरू झालं. मंडळीतला एक ग्रुप ठरला आणि तुम्ही क्लिनिकमधून युनिफॉर्मवरच माझ्या दारात आलात. हातात एजंटने दिलेला कागद.

“संपादक, हे बघा. गालीलच्या समुद्रात होडीतून फिरवतायत. होडीतून!”

मी कागद वाचला. हॉटेलांच्या नावांपुढे ‘किंवा तत्सम’ असं लिहिलं होतं. व्हिसापुढे ‘अपेक्षित’ असं होतं. मी खिशातलं पेन काढून त्या दोन्ही ठिकाणी रेघ मारली. तुमच्या कागदावर, तुम्हाला न विचारता.

“पहिली खेप जाऊ दे,” मी म्हणालो. “ते परत येऊन काय सांगतात बघू. पुढच्या खेपेला जा.”

“पुढची खेप असेल ना पण?”

“विमान सुरू झालंय. ते काय बंद होणार आहे?”

हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे. दुसऱ्यांची विधानं अवतरणचिन्हांत टाकायचं काम मी आयुष्यभर केलं. हे विधान माझं आहे.

पहिली खेप गेली आणि सुखरूप परत आली. आलेल्यांनी बाटल्यांतून यार्देन, म्हणजे जॉर्डन नदीचं पाणी आणलं. एक बाटली तुम्हाला मिळाली, ती तुम्ही त्याच दिवशी फिलूला देऊन टाकलीत. “मला बाटली नको,” तुम्ही म्हणालात. “मला काठ पाहिजे.” दुसऱ्या खेपेच्या वेळी तुमच्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि रजा तिकडे गेली. तिसऱ्या खेपेला तुम्ही मला न विचारता नाव दिलंत. मग तिकडे युद्ध पेटलं आणि विमान बंद झालं. ती बातमी माझ्याच पानावर लागली. दोन वृत्तसंस्थांचा दुजोरा होता.

त्यानंतरच्या एका ईस्टरला मंडळीची सहल झल्लाकच्या किनाऱ्यावर गेली होती. मुलं पाण्यात, बाकीचे कोळशावर कोंबडी भाजत होते. तुम्ही वाळूत खुर्ची टाकून समुद्राकडे पाहत बसला होता. मी पेप्सी घेऊन आलो तेव्हा तुम्ही समोर बोट केलंत.

“यरुशलेम इकडेच ना?”

“नाही. समोर सौदी. यरुशलेम बरंच उजवीकडे, वायव्येला. सोळाशे किलोमीटर.”

“आणि मुंबई?”

“पाठीमागे. चोवीसशे.”

“म्हणजे घरापेक्षा ते जवळ.”

“हो.”

“आणि दर दोन वर्षांनी मी घरी जाते.”

तुम्ही पेप्सीचा घोट घेतलात आणि म्हणालात, “मग मी जॉर्डनला जाते. त्या बाजूनेही नदीला काठ आहेच की. नबो डोंगर पण तिकडेच. मोशेला देवाने तिथूनच सगळा देश दाखवला, आत जाऊ दिलं नाही तरी.”

“अर्धी यात्रा कशाला करायची? बेथलेहेम नाही, यरुशलेम नाही. सगळं सुरू झालं की एकदाच नीट करा.”

“मोशेचं भागलं तेवढ्यावर.”

“मोशेच्या रजा संपल्या असतील.”

तुम्ही इतक्या हसलात की पेप्सी साडीवर सांडली. फिलूला हाक मारून तुम्ही तो विनोद पुन्हा सांगितलात. मलाही तो आवडला होता. परतीच्या बसमध्ये मी तो मनात आणखी एकदा घोळवला.

त्या विनोदाने जॉर्डनचा विषय संपला, हे मला तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही गेलात तोपर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही तो पुन्हा काढला नाहीत. अम्मानचं विमान इथून सुटतं. इतकी वर्षं सुटत होतं, अधूनमधून अडखळलं तरी सुटत होतं. त्यासाठी ना तुमच्या पासपोर्टची भीती होती, ना कुठल्या खेपेची वाट पाहायची होती. तुम्ही स्वतः रस्ता शोधून काढला होता. आणि ज्याचा त्या नदीशी, त्या डोंगराशी, तुमच्या देवाशी काडीचा संबंध नाही, असा मी तुम्हाला समजावत होतो की यात्रा पूर्ण कशाला म्हणायचं. मास्तरांनी अख्खा देश फळ्यावर बसवला होता. तुम्हाला एक काठ पुरला असता. तो अपुरा वाटला मला.

राग तुमच्यावरही आहे. हे आज हॉलमध्ये बोलता आलं नसतं.

तुम्ही कोणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हता. डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकला असेल तर त्यांना सगळ्यांसमोर सांगायचात. घरमालक एसी दुरुस्त करायला ‘इंशाल्ला’ म्हणाला की विचारायचात, “इंशाल्ला, पण किती वाजता?” पाळकांचा उपदेश लांबला की पहिल्या रांगेतून मनगटावरचं घड्याळ त्यांना दिसेल असं धरायचात. माझं राजकारण तुम्हाला पटत नव्हतं. माझी भाजी पटत नव्हती. माझं देव न मानणं तर तुम्ही आजारच समजत होता, बरा होणारा. सतरा वर्षांत तुम्ही माझं म्हणून एकच ऐकलंत, आणि नेमकं तेच चुकीचं होतं. का ऐकलंत? एकदा तरी म्हणायचं होतंत, “गप्प बसा संपादक, मी चालले.” मेथीवरून तुम्ही याहून जास्त भांडला होता.

आणि ज्याने तुम्हाला इतकं थांबवलं, त्याच्यासाठी तुम्ही कधी थांबला नाहीत. कोविडमध्ये मी चौदा दिवस खोलीत बंद होतो. नक्की काय झालंय, कसं पसरतं, कोणालाच धड ठाऊक नव्हतं. रोज माझ्याच पानावर वेगळं छापून येत होतं. तुम्ही ड्यूटी करून यायचात, दाराबाहेर डबा ठेवायचात आणि बंद दारातून ओरडायचात.

“ताप किती?”

“शंभर.”

“नक्की? की अंदाजे? संपादक, दोनदा लावून बघा.”

तेव्हाही हसू आलं होतं. तुमच्या त्या डब्यांवर मी जगलो. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. दार उघडलं त्या दिवशी मी ‘थँक्यू’ म्हणालो आणि तुम्ही म्हणालात, “डबे घासून द्या.” मी दिले. एवढ्यावर ते राहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा कागद मीच केले. तुमच्या भावाला इथे येणं शक्य नव्हतं. गेलेल्या माणसाला घरी पाठवायचं असेल तर आधी त्याचा पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो. दूतावासात खिडकीपाशी माझा नंबर यायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात मी तो चाळला. बहरीन, मुंबई. बहरीन, मुंबई. पुढची पानं कोरी, करकरीत. जो शिक्का तिथे मारतच नाहीत, त्याच्या भीतीने आपण ती जपली होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “नातेवाईक?” मी म्हणालो, “शेजारी.” त्याने मान हलवली, मुखपृष्ठाचा कोपरा कात्रीने कापला आणि पासपोर्ट परत दिला. दोन दिवसांनी तुम्ही त्या चोवीसशे किलोमीटरच्या वाटेने गेलात. तीच, नेहमीची.

हे सगळं आज दुपारी मी फिलूला सांगितलं. उपासनेनंतर तिने जेवायला थांबवून घेतलं होतं. तिने वसईच्या पद्धतीचं काहीतरी माशाचं केलं होतं, तुमच्या राज्यात तिला करायला न मिळालेलं. माझं बोलणं संपेपर्यंत ती वाढत राहिली.

“म्हणजे दादा, तुम्हाला वाटतं तुम्ही थांबा म्हणालात म्हणून ती थांबली?”

“हो.”

“काय पण! तिला थांबायचं असलं की ती तुमच्याकडे यायची. जायचंच असतं तर माझ्याकडे आली असती. मी दुसऱ्या दिवशी विमानात बसवली असती तिला.”

“थांबायचं कशासाठी होतं त्यांना?”

“भीती वाटायची. बापाने फळ्यावर काढलेलं ते एवढं चांगलं. तिकडे गेल्यावर नुसती दुकानं आणि गर्दी दिसली तर? मला बोलली होती एकदा.”

“कधी?”

“आता तारीख सांगू काय तुम्हाला?”

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. तीन आठवड्यांत कोणी मला सुटका देऊ केली ती ही पहिलीच, आणि म्हणूनच ती मला घेता येत नाही. फिलू खोटं बोलणारी नाही. पण जेवायला बसलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून माणसं बोलतात, हेही मला माहीत आहे. माहिती एका ठिकाणची आहे. दुसरं ठिकाण तुम्ही होता. दुजोरा मिळणार नाही. पाळक म्हणतात, इच्छा पूर्ण झाली. फिलू म्हणते, ती इच्छाच पुरती खरी नव्हती. मी म्हणतो, मी अडवली. तिघांतलं कोणतं छापायचं ते सांगायला तुम्ही नाही, आणि या वेळी होल्डवर ठेवणं एवढाच पर्याय माझ्याकडे उरला आहे. याची जितकी चीड येते तितकी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

ताटं उचलता उचलता फिलू म्हणाली, “मी चाललेय. पुढच्या महिन्यात. अम्मान, ती नदी, तो डोंगर. चार दिवस. रजा टाकली, खलास.”

“थांब,” मी म्हणालो. “सध्या विमानांचं रोज बदलतंय. एकदा परिस्थिती नीट—”

“दादा.” तिने हातातली ताटं पुन्हा टेबलावर ठेवली. “मी विचारत नाय. सांगतेय.”

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झालेत, शालिनीबाई, आणि तोच शब्द माझ्या तोंडून निघायला एक क्षणही लागला नव्हता.

फिलूने भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. “तुमचं काम दुसरं. गॅलरीत तिचा कढीपत्ता हाय. एक दिवसाआड पाणी घाला.”

मी किल्ली घेतली. सकाळी घालायचं की संध्याकाळी, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.